भर ग्रहणातली भाकर

ग्रहण लागलं की आमच्या गल्लीतल्या सगळ्या चुली विझायच्या आणि आमची पेटायची. शेजारपाजारचे लोक पाण्याच्या घागरीत तुळशीचं पान टाकून, कवाडं ओढून आत बसलेले, पोटुशा बाईला तर कुशीवर वळायचीसुद्धा चोरी. आणि आमच्या दोन खोल्यांतून भाकरी थापल्याचा आवाज लातूरच्या त्या गल्लीच्या पार टोकापर्यंत जायचा. वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, दार सताड उघडं ठेवायला लावत. फोडणी लसणाची, तीही मूठभर लसूण ठेचून, म्हणजे वास कुणाच्याही नाकातून सुटू नये. एरवी आण्णा तहसील कचेरीतले गरीब स्वभावाचे शिपाई, चढ्या आवाजात बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. पण ग्रहणाच्या दिवशी ते रजा टाकत, धुवट पांढरा सदरा घालत आणि दारासमोर ताट घेऊन बसत. एकेक घास असा चावत, जणू कुणाशी पैज लागली आहे. एक नियम मात्र कडक होता. दार उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. धाकट्या भावाचा चेंडू बाहेर घरंगळला तर तो ग्रहण सुटेपर्यंत तिथंच. म्हणजे ग्रहण न मानणारं आमचं घर आणि ते मानणारी सगळी गल्ली, दोघंही ग्रहणात घरातच. फरक इतकाच की ते उपाशी आणि आम्ही तडस लागेपर्यंत जेवलेले. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी एकही ग्रहण पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट विचित्र आहे हेही मला तेव्हा कळलं नव्हतं.

या नियमामागं माझे आजोबा होते. आज्जा मुखेडकडच्या एका खेड्यातले. आमच्या माणसांनी बुद्धाचा धम्म घेतला त्याच्या आधी ग्रहण म्हणजे त्यांचं ठरलेलं काम असे. सगळं गाव दारं लावून बसायचं आणि ही माणसं झोळ्या घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरायची, 'दे दान, सुटे गिराण.' गावाला लागलेला विटाळ मूठभर धान्याबरोबर त्यांच्या झोळीत जायचा आणि गाव मोकळं व्हायचं. आण्णा चौथीत असताना बापामागं झोळी धरून फिरले होते. एका दारात त्यांच्याच वर्गातला मुलगा आईशेजारी उभा होता. त्यानं कमरेइतक्या उंचीवरून ज्वारी ओतली, हात लागू नये म्हणून. अर्धी झोळीत पडली, अर्धी मातीत. मातीतली आण्णांनी वेचून घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेत तो मुलगा काहीच बोलला नाही. "त्यानं चिडवलं आसतं तर बरं झालं आसतं," असं आण्णा मला आयुष्यात एकदाच म्हणाले. धम्म घेतल्यावर आज्ज्यानं ती झोळी बाभळीखाली जाळली, आणि मोठेपणी आण्णांनी हा नियम केला. ग्रहणात आपल्या घरातलं माणूस उघड्यावर दिसायचं नाही, कारण ग्रहणात उघड्यावर दिसणारं आपलं माणूस म्हणजे मागायला आलेलं माणूस.

आज्जी वारल्यावर आज्जा लातूरला आमच्यात राहायला आले. आण्णा कचेरीत गेले की बाजेवर बसून ते मला ग्रहणाच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या ऐकताना मला हळूहळू उमगलं की या माणसाच्या मनात लाज नव्हती, रुखरुख होती. "सगळं गाव कवाडाआड," ते म्हणायचे. "गिराण डोळ्यानं बगितलंय ते आमीच, पोरी. लिंबाखाली जा, पानातून ऊन पडतंय ना, त्याच्या सगळ्या चंद्रकोरी हुत्यात. हजार कोरी, धुरळ्यात. कोंबड्या खुराड्याकडं निगत्यात. वारा गार पडतो. लई बगितलं मी." मग म्हणायचे, "पर इच्यारलं कुनी? दान दिलं, काय बगितलंस म्हनून न्हाई इच्यारलं." एकदा मी फारच मागं लागले तेव्हा त्यांनी ती आरोळी मला हलक्या आवाजात म्हणून दाखवली. मला वाटलं होतं ते नुसतं ओरडणं असेल. पण त्याला चाल होती, शेवटचं अक्षर लांब, वर चढत जाणारं. आण्णांची सायकल वाजली तसे आज्जा एकदम गप्प झाले आणि आम्ही दोघांनी मिळून तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या.

माय डाळीच्या मिलमध्ये निवडायला जायची. तिकडं दिवसभर यंत्रांची अशी घरघर असायची की घरी आल्यावरही ती मोठ्यानं बोलायची, आणि तिच्या पदरातून तुरीचा पिवळा भुगा झटकला की कोपऱ्यातली मांजर शिंकायची. उजेडाकडं पाठ करून, सूप तिरकं धरून ती डाळ निवडायची आणि शेजारी बसवून मलाही निवडायला लावायची. मी भराभर हात चालवायचे. ती मध्येच माझा हात धरायची. "हात सरावला की डोळा निजतो, रत्ने. हाताला गप कर, डोळ्याला इच्यार." आणि मी निवडून ठेवलेल्या सुपातून ती हटकून एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवायची. मला तेव्हा याचा राग यायचा. पुढं पस्तीस वर्षं नांदेडला पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेत किती वाक्यं बोलले असेन. पण कामाचं वाक्य हे एकच होतं आणि ते माझं नव्हतं.

कॉलेजात आम्हाला बिराजदार सर होते. हल्ली लातूरच्या चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक असतात, पहिल्या आलेल्या पोरांचे गालफुगे फोटो लावलेले. तेव्हा असलं काही नव्हतं, वर्गात पोरी मी धरून तिघीच होतो, आणि सर मागच्या बाकावरच्यालाही नावानं हाक मारायचे. शिवभक्त घरातला, कपाळाला भस्म लावणारा माणूस. पण दुर्बिणीशिवाय आकाशातलं काय काय बघता येतं याचं त्यांना वेड. त्या वर्षी खग्रास ग्रहण दक्षिणेकडून जाणार होतं. लातूरला ते नव्वद टक्क्यांच्या वर लागणार, पण पूर्ण नाही. आणि पूर्ण झाल्याशिवाय सूर्याचा कॉरोना दिसत नाही. हा शब्द हल्ली घरोघरी रोगाचा म्हणून ठाऊक आहे, मला तो त्याच्या किती तरी आधी सूर्याचा म्हणून ठाऊक होता. सूर्याभोवती दूरवर पसरलेलं विरळ, फिकट तेज. रोज असतं, पण सूर्याच्याच झगमगाटात बुडून जातं. चंद्रानं सूर्य पूर्ण झाकला तरच ते डोळ्यांना दिसतं, तेही जेमतेम अडीच मिनिटं. आमच्याकडं कॅमेरा नव्हता. सरांनी जुन्या पद्धतीनं चित्र काढायचं ठरवलं. चौघांनी चार भाग वाटून घ्यायचे. प्रत्येकानं फक्त आपल्या वाट्याचा पाव सूर्य बघायचा, काळ्या कागदावर पांढऱ्या खडूनं काढायचा, दुसऱ्याच्या भागाकडं ढुंकून बघायचं नाही. नंतर चार कागद जोडले की पूर्ण कॉरोना.

महिनाभर प्रयोगशाळेत सराव चालला. सरांनी एका पुस्तकातला कॉरोना मोठा करून तक्त्यावर काढला होता. डावी-उजवीकडं पंखांसारखे लांब पसरलेले झोत आणि वर-खाली नुसते बारके केस. शिट्टी वाजली की पडदा दूर, अडीच मिनिटांनी पुन्हा शिट्टी, खडू खाली. डावा आणि उजवा भाग हुशार मुलांना, त्यातला उजवा विश्वनाथला. तो वर्गात पहिला यायचा आणि हे दर दोन वाक्यांमागं एकदा सांगायचा. खालचा भाग एका अबोल मुलाकडं आणि वरचा माझ्याकडं. वरच्या भागात फारसं काही नव्हतंच. "रत्नाचं काम सोपं, चार केस काढले की झालं," विश्वनाथ म्हणायचा. मी चार केस काढायला शिकले. शेवटी शेवटी तर डोळे मिटूनही ते मला बरोबर काढता यायचे.

घरी सांगायचं मात्र मी शेवटच्या आठवड्यापर्यंत टाळलं. आण्णा जेवत होते, आज्जा बाजेवर, माय तव्याजवळ.

"कुटं जायचंय म्हन्लीस?"

"रायचूरकडं. सर चौघांना न्यायलेत. बाई पन हायत सरांच्या, मी एकलीच पोरगी म्हनून."

"कवा?"

"गिरानाच्या आदल्या दिवशी."

आण्णांनी घास ताटात ठेवला. "न्हाई."

"आण्णा, मी महिनाभर तयारी करून राहिले..."

"न्हाई म्हन्लो ना. आपल्या घरातलं मानूस गिरानात भाईर जात न्हाई."

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "मारुती, आरं ती काय झोळी घेऊन चाललीय का?"

"बाबा, तुमी मदी पडू नका."

"पडनार. मी मागाया गेलतो. ही बगाया चाललीय. मला जर कुनी नुसतं बग म्हनून धाडलं आसतं, तर मी आनवानी गेलो आसतो रायचूरपतूर."

आण्णा उठून हात धुऊन बाहेर गेले. मला रडू फुटलं. मायनं भाकर उलथली आणि शांतपणे म्हणाली, "रडू नगंस. ताट लोटलं न्हाई, हात धुतला. म्हंजी अर्दं काम झालं."

निघायच्या दिवशी स्टँडवर महाशिवरात्रीच्या जत्रेची गर्दी उसळली होती, पाळण्यांचे खांब आणि पिपाण्या घेऊन माणसं उतरत होती. आमची बस सुटायला आली आणि गर्दीतून आण्णा सायकल ढकलत आले. मला वाटलं, न्यायलाच आले. त्यांनी खिडकीतून एक फडकं आत दिलं. आत मायनं भाजून कडक केलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची तेल घातलेली चटणी. "हे गिरानात खायचं," आण्णा म्हणाले. "आदी न्हाई, मागून न्हाई. भर गिरानात, चार लोकांच्या देखत. भरल्या पोटाचं मानूस मागाया आलं असं कुनी म्हनत न्हाई." बस हलली. ते आणखी काही म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा हात वर होता.

बिदर, गुलबर्गा करत दोन बस बदलून आम्ही रायचूरच्या अलीकडच्या एका खेड्याबाहेरच्या माळावर पोचलो. तिथं बंगळूरकडचे एक म्हातारे शास्त्रज्ञ आपला कॅमेरा लावून आधीच बसले होते, खांद्यावर पंचा, पायात रबरी चपला. सरांनी जाऊन त्यांना नमस्कार केला आणि आमची पद्धत सांगितली. ते हसले नाहीत, उलट आमचे कागद एक एक करून पाहिले आणि फोटोची प्रत पाठवायचं कबूल केलं. दुपारी ग्रहण लागलं. खग्रास व्हायच्या वीस मिनिटं आधी चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या होत्या. डोळे अंधाराला सरावले तरच कॉरोनाचं फिकट टोक दिसतं, भर उन्हातून एकदम बघितलं तर निम्मं हुकतं. म्हणजे एवढ्या लांब येऊनही ग्रहण लागताना बघायचं आमच्या नशिबी नव्हतंच. सरांच्या बाईंनी माझ्या डोळ्यांवर जुन्या लुगड्याची चौपदरी पट्टी बांधली. तेव्हा मला आण्णांचा हुकूम आठवला. मी चाचपडत फडकं सोडलं आणि भाकर मोडली. कडक भाकर मोडल्याचा आवाज त्या शांततेत चांगलाच झाला.

"अगं, काय करतेस?" बाईंचा दचकलेला आवाज. "सुटू दे की आधी."

"आण्णांनी सांगितलंय बाई. घ्या ना तुम्ही पण. विश्वनाथ, घेतोस?"

विश्वनाथला भूक नव्हती. डाव्या भागवाल्या मुलाचं पोट सकाळपासून बिघडलं होतं. अबोल मुलानं दात घासलेत म्हणून सांगितलं. सरांना पित्त झालं होतं. विज्ञानाच्या मोहिमेवर निघालेल्या आमच्या तुकडीत सूर्योदयापासून कुणीही पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि प्रत्येकाकडं त्याचं वेगळं कारण होतं. मी आपली डोळ्यांवर पट्टी बांधून कुडूम कुडूम भाकर खात बसले. ऊन अंगावरून उतरत चाललेलं कळत होतं. वारा गार झाला. शेळ्या ओरडायच्या थांबल्या. आणि मग गावाकडून एक आरोळी आली. कानडी असावी, मला एक शब्दही कळला नाही. पण शेवटचं अक्षर लांब होतं आणि वर चढत जात होतं.

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. तिकडं बंद दारांच्या गल्लीतून कुणीतरी झोळी घेऊन चाललं होतं, त्याच्या मागं कदाचित एखादं चौथीतलं पोरगं होतं, आणि सगळ्या गावात ग्रहण फक्त त्या दोघांना दिसत होतं. मला आण्णांचा कधी राग का आला नाही, हे त्या क्षणी कळलं, आणि आज्ज्याची रुखरुखही कळली. पट्टी ओली झाली. वाटलं, उठावं आणि त्या आवाजाकडं पळत जावं. पण जाऊन काय सांगणार होते? मी घास गिळला, हात पदराला पुसला आणि खडू धरला. हात नीट पुसला गेला नव्हता, ते नंतर कळलं.

"पट्ट्या सोडा!" सर ओरडले.

त्या दृश्याला शब्द नाहीत असं म्हणून सुटता येतं, पण मी जन्मभर शिकवलं आहे, मला सांगायलाच हवं. सूर्याच्या जागी काळाभोर गोल होता. कडेला दोन-तीन गुलाबी ठिणग्या. आणि भोवती दुधाळ पांढरा उजेड, पिंजलेल्या कापसाचे तंतू हवेत थांबून राहावेत तसा. मी माझ्या वरच्या भागाकडं पाहिलं आणि हात आपोआप चालू झाला. एक केस, दुसरा केस. तिसऱ्याला खडू टेकवला आणि मी थबकले. वर केस नव्हतेच. तिथं एक लांब झोत होता, बुडाशी रुंद, वर निमुळता, जरा उजवीकडं कललेला, त्या काळ्या गोलाच्या दीडपट तरी लांब. त्याच्या डावीकडं दुसरा, आखूड. माझा हात चार केसांवर सरावलेला होता आणि डोळा निजला होता. मी हाताला गप केलं. सर मोजत होते, एक मिनिट, दीड मिनिट. मी आधीचे दोन केस बोटानं पुसले आणि जे दिसत होतं ते काढलं, बुडापासून टोकापर्यंत, गोलाशी माप जुळवत. शिट्टी झाली. कडेला हिऱ्यासारखा उजेड फुटला, कुठूनसा कोंबडा आरवला आणि माळावर पुन्हा दुपार झाली.

चार कागद जमिनीवर जोडले. तीन भाग असे जुळले की सरांच्या तोंडून वाहवा निघाली. दोन सुरेख पंख, खाली बारीक केस, थेट तक्त्यावरचं चित्र. आणि वर माझा तो झोत, कोपऱ्यात चटणीचा लालभडक अंगठा.

"हे काय, फेट्याला तुरा काढलास का?" विश्वनाथ हसला.

"असंच होतं," मी म्हटलं.

"घाईत हात गेला असेल," सर म्हणाले. "होतं असं. अजून आठवतंय तोवर पुसून नीट कर."

"हात गेला नव्हता सर. हात आधी केसच काढत होता. मी थांबवला."

सर समजुतीनं म्हणाले, "बरं बरं, राहू दे. तुझं मन कशाला मोडा? खाली टीप टाकू." खरं सांगते, ते रागावले असते तर चाललं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, दया केली होती. कमरेइतक्या उंचीवरून ओतलेली ज्वारी मी कधी पाहिली नव्हती, पण त्या माळावर ती मला दिसली. मी पुसलं नाही. मग मात्र ग्रहण सुटल्यावर सगळ्यांची पोटं एकदम बरी झाली आणि उरलेल्या चार भाकरी दोन मिनिटांत संपल्या.

पुढचा महिना-सव्वा महिना ते जोडलेलं चित्र कॉलेजच्या काचेच्या फलकात होतं. माझ्या भागाखाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'हा भाग विद्यार्थिनीच्या म्हणण्यानुसार.' बाकी तिघांखाली काही नव्हतं. त्यांचं ते निरीक्षण आणि माझं ते म्हणणं. पोरं मला तुरेवाली म्हणायला लागली. घरी मी फक्त आज्ज्याला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुला दिसलं व्हतं?" मी हो म्हटलं. "मग दिसलं व्हतं," म्हणून त्यांनी विषय संपवला. माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस, आणि त्यांनी बघितलेलं तरी कुणी कुठं लिहून घेतलं होतं?

एका रविवारी संध्याकाळी बिराजदार सर सायकलवरून आमच्या गल्लीत आले. कॉलेजातले सर आमच्या घरी यायची ही पहिलीच वेळ. आण्णा गडबडीनं सदरा घालत बाहेर आले, आज्जा बाजेवर सरकून बसले आणि सर त्यांच्याशेजारी टेकले. पिशवीतून त्यांनी एक मोठा लिफाफा काढला. बंगळूरहून फोटो आला होता. त्यात पंख नव्हते. काळ्या गोलाभोवती सगळीकडून झोत निघाले होते, डालियाच्या फुलासारखे, आणि वर, जरा उजवीकडं कललेला, दीडपट लांब, माझा झोत होता. सोबतच्या पत्रात म्हाताऱ्यांनी लिहिलं होतं, की सूर्य दर अकराएक वर्षांनी खवळतो, तेव्हा त्याचा कॉरोना असा चहूकडं फाकतो. तुमच्या चार चित्रकारांपैकी वरचा कोण, ते कळवा.

"पुस्तकातलं चित्र शांत सूर्याचं होतं," सर आण्णांना म्हणाले. "खवळलेल्या सूर्याचं पुढच्याच पानावर आहे. मी पान उलटलं नव्हतं हो. महिनाभर पोरांच्या हाताला चुकीचं वळण लावलं, आणि तिघांनी डोळ्यांपुढचं सोडून वळणच काढलं. तुमच्या मुलीनं एकटीनं बघितलं. आणि तिला मी पुसायला सांगितलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चुकलो, रत्ना."

आण्णांनी फोटो हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "पुस म्हन्ल्यावर पुसलं न्हाई ना तिनं?"

"नाही. मी सांगूनही नाही."

"आन् भाकर खाल्ली व्हती का भर गिरानात?"

सर हसले. "तिचा अंगठा आहे की चित्रावर, चटणीचा."

आण्णा उठले आणि आत वळून म्हणाले, "चूल पेटव. सर जेवून जातील." ग्रहण नसताना आण्णांनी असा हुकूम सोडलेला मी पहिल्यांदा ऐकला. सर जेवले, लसणाची फोडणी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी फलकातून ती टीप गेली, आणि वर्षाअखेरीला सरांनी माझा पाव सूर्य मला परत दिला. तो आजही नांदेडच्या घरात भिंतीवर आहे, लाल अंगठ्यासकट. येणारे विचारतात, बाकीचे तीन भाग कुठं आहेत? मी सांगते, ते चुकले होते. गर्व वाटतो का? वाटतो. या वयात लपवून काय करू?

आमच्याकडून बऱ्यापैकी दिसेल असं सूर्यग्रहण पुन्हा यायला खूप वर्षं लागली. ते ऐन दिवाळीत, सकाळचं आलं. मी तोवर नांदेडला शिकवत होते; मुद्दाम लातूरला आले, येताना वेल्डिंगवाल्याकडची सगळ्यात काळी काच घेऊन. गल्लीत रांगोळ्या तशाच, दारं बंद. आमची चूल पेटलेली. मी काच घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, सवयीनं आतच. आण्णा सेवानिवृत्त झाले होते, डोक्याचे केस पांढरे. त्यांनी ताट वाढून घेतलं, माझ्याकडं बघितलं, आणि ताटासकट उंबरा ओलांडून अंगणात जाऊन उन्हात मांडी घालून बसले. मग मायनं आणि मी मिळून आज्ज्याची बाज बाहेर काढली. आज्जा ऐंशीच्या पुढं गेलेले. काच डोळ्याला लावून इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं झोप लागली. "हाव, तसंच हाय," ते शेवटी म्हणाले. समोरच्या घरातली दोन पोरं दाराच्या फटीतून बघत होती. ती आधी आली. मग त्यांचा बाप. मग इतरही दारं किलकिली झाली, आणि थोड्या वेळानं आमच्या अंगणात काचेसाठी रांग लागली. समोरची म्हातारी, जिनं जन्मात ग्रहणात दार उघडलं नव्हतं, ती हात पुढं करून म्हणाली, "आज्जा, द्या की जरा आमाला बी."

आज्जा हसत सुटले, खोकला येईपर्यंत. "मारुती, आरं बग तरी! आज सारं गाव आपल्या दारात मागाया आलंय."

आण्णा हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, हात धुतला, बापाच्या हातातून काच घेतली आणि उठून म्हातारीजवळ गेले. वाकून, तिच्या तळहाताला आपला हात लागेल इतक्या जवळून ती तिच्या हातात ठेवली, तिची बोटं काचेभोवती नीट मिटवली.

"घ्या," ते म्हणाले. "सुटंपतूर बगा."